काचबिंदू आणि गाडी: फील्ड टेस्ट आणि ड्रायव्हिंगच्या सल्ल्याचा अनुभव

ज्यांना काचबिंदू आहे आणि जे अजून स्वतः गाडी चालवतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घरात असं कुणी असेल तर त्यांच्यासाठीही. मी नाशिकची, बँकेतून निवृत्त झालेली. रोजच्या कामांना ॲक्टिवा आणि गावी जायला वॅगन आर, दोन्ही मीच चालवते, कारण यजमानांनी लायसन्स कधी काढलंच नाही. माहेर दिंडोरीकडे, द्राक्षबागेचं. वडिलांना काचबिंदू होता, मोठ्या भावाला आहे आणि आता मलाही. रक्ताच्या नात्यात हा आजार असेल तर आपल्यालाही होण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून चाळिशीनंतर दरवर्षी डोळे दाखवत होते, त्यामुळे माझा वेळेत सापडला.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण जी सेवा मी सांगते आहे ती काचबिंदूचा वेगळा विभाग असलेल्या बहुतेक मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यांत मिळू शकते. फक्त ती मागावी लागते. सेवा दोन भागांची आहे: फील्ड टेस्ट, म्हणजे नजर सरळ ठेवून आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी, आणि त्या रिपोर्टवरून डॉक्टरांशी गाडी चालवण्याबद्दल बोलणं. पहिला भाग सगळे करतात. दुसऱ्या भागासाठी मी पाचपैकी पाच देईन. पहिल्याला साडेतीन.

आधी टेस्टबद्दल. मशीन हम्फ्रीचं होतं, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच असतं. अंधारी खोली, पांढऱ्या अर्धगोलाच्या समोर हनुवटी टेकवून बसायचं, एका डोळ्यावर पट्टी. मधे एक पिवळसर दिवा असतो, नजर त्याच्यावरून हलवायची नाही. इकडेतिकडे पांढरे ठिपके क्षणभर लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. नेहमीच्या २४-२ टेस्टमध्ये एका डोळ्यासाठी ५४ जागा तपासल्या जातात. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात जीव मेटाकुटीला येतो, कारण मशीन मुद्दाम ठिपका मंद मंद करत नेतं, अगदी दिसेनासा होईपर्यंत. म्हणजे डोळे धडधाकट असलेल्या माणसालाही कितीतरी ठिपके दिसत नाहीत, आणि ते तसंच अपेक्षित असतं. ही एवढी गोष्ट आधी सांगितली तर पेशंटचा अर्धा ताण उतरेल. मला कुणी सांगितली नव्हती. टेक्निशियन मुलगी चांगली होती, पण बाहेर रांग होती आणि तिचं "मॅडम, दिसलं की दाबा, चला सुरू" एवढ्यावर आटोपलं.

म्हणून इथे सांगते. बटण दाबून धरलं की टेस्ट थांबते. डोळे कोरडे पडले तर धरा, चार वेळा पापण्या मिटा, मग सोडा. मशीन अधूनमधून तुमच्या अंधबिंदूत, म्हणजे प्रत्येक डोळ्यात मुळातच जिथे दिसत नाही त्या जागी, ठिपका टाकून बघतं. तो दिसला तर तुमची नजर हलली असं धरतं. न दिसलेल्यावर अंदाजाने बटण दाबलं तरी तेही नोंदवलं जातं. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात हे आकडे असतात आणि ते वाईट असतील तर खालच्या सुंदर नकाशाला काही अर्थ नाही. पहिली टेस्ट अनेकांची बिघडते, हात आणि नजर सरावत नाही म्हणून. डॉक्टर पुन्हा करायला सांगतात तेव्हा पैसे काढायला सांगताहेत असा संशय घेऊ नका. उपाशी जाऊ नका, आणि खोलीतला एसी कडक असतो तेव्हा शाल न्या.

नजर सरासरी किती कमी झाली ते सांगणारा माझ्या रिपोर्टचा आकडा डाव्या डोळ्याचा उणे नऊच्या आसपास आणि उजव्याचा उणे तीन डेसिबल आला. ढोबळ हिशेब असा, की उणे सहापर्यंत सौम्य, उणे सहा ते बारा मध्यम आणि त्याच्या पलीकडे तीव्र. डाव्या डोळ्यात वरच्या बाजूला कमानीसारखा काळा पट्टा, उजव्यात नाकाकडच्या बाजूला वर एक छोटी पायरी. आणि तक्ता वाचताना दोन्ही डोळे चष्म्यासह ६/६!

याच्यावर मला थांबायचं आहे, कारण सगळा घोळ इथेच होतो. तक्त्यावरची अक्षरं आपण नजरेच्या अगदी मधल्या भागाने वाचतो. काचबिंदू बहुधा तो भाग शेवटपर्यंत सोडतो आणि कडेकडेने खातो. शिवाय एका डोळ्याला जिथे दिसत नाही ते दुसरा डोळा भरून काढतो, आणि दोघांनाही दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून जागा बुजवतो. काचबिंदूची माहिती देणाऱ्या पोस्टरवर काळ्या बोगद्यातून दिसल्यासारखं चित्र छापतात ना, तसं पेशंटला मुळीच दिसत नाही. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये काचबिंदूच्या पेशंटना वेगवेगळी चित्रं दाखवून "तुम्हाला यातलं कसं दिसतं" असं विचारलं, तेव्हा काळा बोगदा कुणीच निवडला नाही. अस्पष्ट भाग किंवा गायब झालेला भाग असलेली चित्रं लोकांनी निवडली. म्हणजे रस्ता दिसतो, झाडं दिसतात, दुकानं दिसतात, आणि त्या चित्रातून एक मोटरसायकल मात्र वगळलेली असते.

गाडी चालवणाऱ्यासाठी याचा अर्थ काय ते १९८३ मध्येच दिसलं होतं. कॅलिफोर्नियात लायसन्ससाठी आलेल्या दहा हजार लोकांची फील्ड तपासली. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांचं फील्ड गेलं होतं त्यांचे अपघात आणि वाहतुकीचे गुन्हे इतरांच्या दुप्पट निघाले. आणि ज्यांच्या फील्डमध्ये दोष होता त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना त्याची कल्पनाच नव्हती. २०१६ चा अमेरिकेतल्या अलाबामाचा अभ्यास सत्तरीपुढच्या दोन हजार चालकांचा आहे. त्यात काचबिंदू असलेल्यांकडून, स्वतःच्या चुकीने होणाऱ्या अपघातांचं प्रमाण इतरांच्या १.६५ पट होतं. उलट निष्कर्षाचे अभ्यासही आहेत, कारण बरेच पेशंट आपणहून रात्रीची गाडी सोडतात, हायवे टाळतात, आणि मग आकडे खाली येतात. म्हणून "काचबिंदू झाला, चावी द्या" असं म्हणणाऱ्या मुलांशी मी सहमत नाही. कोणत्या बाजूचं, किती आणि दोन्ही डोळ्यांचं मिळून किती गेलं आहे, हे पाहिल्याशिवाय कुणी काही बोलू नये.

आणि ते पाहायची सोय आहे. नेहमीची टेस्ट एकेका डोळ्याची असते, पण गाडी आपण दोन्ही डोळे उघडे ठेवून चालवतो. त्यासाठी एस्टरमन नावाची टेस्ट त्याच मशीनमध्ये असते. दोन्ही डोळे उघडे, गाडी चालवताना लावतो तोच चष्मा, १२० ठिपके, सगळे एकाच ठरावीक उजेडाचे. आडवी दोन्ही कडांपर्यंतची नजर त्यात तपासली जाते. मी मागितली तेव्हा टेक्निशियनला मेनूत शोधावी लागली, कारण कुणी मागतच नाही. माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, त्याला मात्र ती सक्तीची होती. तिकडे दोन्ही डोळ्यांना काचबिंदू असेल तर लायसन्स देणाऱ्या डीव्हीएलएला कळवावंच लागतं. आडवं किमान १२० अंश फील्ड, दोन्ही बाजूंना किमान ५० अंश, आणि मधल्या २० अंशांत मोठा दोष नको, असा त्यांचा नियम आहे. तो पास झाला आणि आजही चालवतो.

आपल्याकडे? पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच पाच वर्षांनी नवं करावं लागतं आणि चाळिशीनंतर डॉक्टरचं फॉर्म १-ए सर्टिफिकेट लागतं. फॉर्ममध्ये पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न आहेत. मान सरळ ठेवून डावी-उजवीकडचं किती दिसतं, हे कुणी मशीनवर बसवून बघत नाही. माझा भाऊ, आमचा दादा, असाच पास होत आला. काचबिंदूच्या पेशंटसाठी निदान एवढी एक टेस्ट नूतनीकरणाच्या वेळी सक्तीची करावी असं माझं ठाम मत आहे. मशीन जिल्ह्याच्या गावी आहेत, खर्च आवाक्यातला आहे. मला दोन्ही टेस्टचे मिळून दीड हजाराच्या आत पडले. गाडीच्या एका टायरपेक्षाही कमी.

एस्टरमनमध्ये मी वरच्या डाव्या बाजूचे काही ठिपके चुकवले. त्यानंतर जे झालं ते या हॉस्पिटलचं खरं मोल. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, काय चालवता, कुठल्या रस्त्याने, किती वाजता, शेजारी कोण असतं. मी सांगितलं: सकाळी कॉलेज रोड, गंगापूर रोड, मंडई, रविवारी दिंडोरी, येताना अंधार होतो. त्यांनी कागदावर वॅगन आरची पुढची काच काढली, ड्रायव्हर उजवीकडे बसवला आणि माझा न दिसणारा भाग पेन्सिलने रंगवला. तो बरोबर आतल्या आरशाच्या आसपास आला. "तुम्ही आरशाकडे नजर वळवून बघता तेव्हा तो नीटच दिसतो," त्या म्हणाल्या, "पण नजर रस्त्यावर असताना आरशात काही हललं तर ते तुम्हाला आपोआप कळणार नाही. आणि डाव्या खांबावरचा सिग्नल जवळ गेल्यावर वरच्या बाजूला सरकतो, तो बदललेला उशिरा लक्षात येईल."

इतकं स्पष्ट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वरचं फील्ड गेलं तर सिग्नल आणि कमानीवरच्या पाट्या. खालचं गेलं तर स्पीडब्रेकर, खड्डे, शेजारून पुढे येणारं मूल. डावं गेलं तर आपल्या रस्त्यांवर डावीकडून घुसणारे सगळे. प्रत्येकाचा धोका वेगळा, म्हणून सल्लाही वेगळा.

माझ्यासाठी ठरलं ते असं. दिवसाची शहरातली कार चालवायला हरकत नाही. दर काही सेकंदांनी मान थोडी वळवून आरसा, डावी बाजू, वर सिग्नल असं फिरतं बघायचं, आणि ते सवयीने झालं पाहिजे. जर्मनीत ट्युबिंगनला फील्ड गेलेल्या लोकांना प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवायला लावून त्यांची नजर मोजली, त्यात पास झालेल्यांची डोळ्यांची आणि मानेची हालचाल नापास झालेल्यांपेक्षा जास्त होती, हे मला मॅडमनीच सांगितलं. आरशांवर गोल छोटे आरसे चिकटवले. रात्रीची दिंडोरी बंद. काचबिंदूत फिक्या-गडद छटांमधला फरक कमी कळतो, समोरच्या हेडलाइटनंतर डोळा सावरायला वेळ लागतो, आणि द्राक्षाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या त्या रस्त्यावर किती असतात ते तिकडच्या कुणालाही विचारा. ॲक्टिवाबद्दल त्या जास्त कडक होत्या. हेल्मेटची कडा वरची नजर आणखी कापते आणि तोल गेला तर आपल्याभोवती पत्रा नसतो. ती मी भाचीला दिली.

औषधांचीही उजळणी झाली. काही थेंबांनी झोप येते, काहींनी बाहुली बारीक होऊन अंधारात कमी दिसतं. दम्याचा त्रास असेल तर टिमोलॉल चालत नाही, ते आधी सांगायचं. आणि बाहुली मोठी करायचे थेंब घातले त्या दिवशी गाडी घरीच ठेवायची. हे खरं तर अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्येच लिहायला हवं. लिहीत नाहीत.

आता दादाबद्दल, कारण त्याच्यासाठीच मी परत त्या हॉस्पिटलमध्ये गेले. दादा बहात्तरचा आहे, पिकअप चालवतो, क्रेट भरून मार्केटला जातो. गेली दोन वर्षं त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं: "अगं, तो एकदम समोर आला." कधी सायकलवाला एकदम समोर आला, कधी म्हैस. दार घासलं, आरसा तुटला, एकदा एका पोराच्या पायाला लागलं, सुदैवाने थोडक्यात निभावलं. तुमच्या घरात कुणी सारखं "एकदम आला, कुठून आला कळलंच नाही" म्हणत असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, फील्ड टेस्टला घेऊन जा. आलेला माणूस एकदम आलेला नसतो. तो बराच वेळ तिथे होता.

दादाची एस्टरमन बघायला मी मागे उभी होते. डाव्या आणि खालच्या बाजूला ठिपक्यांमागून ठिपके लुकलुकून जात होते आणि त्याचं बटण गप्प होतं. मला ते बघवलं नाही. बाहेर येऊन म्हणाला, "सोपी होती गं, थोडेच दिवे लागले." दोन्ही डोळे तीव्र, आणि दूरची नजर अजून ६/९.

डॉक्टर मॅडमनी त्याला खुर्ची ओढून जवळ बसवलं. तो म्हणाला, "डॉक्टर, मला समोरचं लख्ख दिसतं." त्या म्हणाल्या, "दादा, समोरचं तुम्हाला दिसतंच. मीही नाही म्हणत नाही." मग त्यांनी त्याला एक डोळा झाकून नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवून आपल्या नाकाकडे बघायला लावलं आणि डावीकडून हळूहळू पेन आणलं. "दिसलं की सांगा." पेन कितीतरी आत आल्यावर तो "दिसलं" म्हणाला. मग तेच मला करायला लावलं, आणि मी कितीतरी आधी म्हणाले. दादा गप्प झाला. रिपोर्टने जे पटलं नसतं ते पेनाने पटलं. "रस्त्यावर गाडी आता नको," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, केस पेपरवर लिहून दिलं, आणि लगेच विचारलं की मार्केटला माल कोण नेईल, दवाखान्याला कोण आणेल. पुतण्या सोबत होता, त्याच्याशी बोलल्या. बागेत ट्रॅक्टर चालवू का, असं दादाने विचारलं, तेव्हा "माणसं काम करत असतील तर तिथेही नको" असं उत्तर मिळालं. थेंब चुकवले तर उरलेलंही जाईल, गेलेलं परत येत नाही, हे त्याला दोनदा समजावलं. घाई नव्हती, दटावणी नव्हती.

पासष्ट-सत्तरीच्या माणसाची गाडी काढून घेणं म्हणजे त्याचं हिंडणं-फिरणं, व्यवहार, मान सगळं हलतं. ते काम घरच्यांवर ढकललं की भांडणं होतात आणि माणूस चोरून चालवतो. डॉक्टरने कारण दाखवून सांगितलं की ऐकतो. यासाठी काचबिंदूच्या प्रत्येक डॉक्टरने पेशंटला "गाडी चालवता का?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझ्या आधीच्या दवाखान्यात तो इतक्या वर्षांत कधी विचारला गेला नाही.

गुण कुठे कापले तेही सांगते. टेस्टच्या खोलीत सूचना तोंडी आणि घाईत. मराठीत एक छापील पान दिलं तर काम होईल. रिपोर्ट हातात देताना कुणी समजावत नाही, डॉक्टरांच्या नंबराची वाट बघत बसावं लागतं, आणि तोवर काळे डाग बघून पेशंटचं काळीज हलतं. एस्टरमनमध्येही मर्यादा आहेत. ठिपके ठळक असतात, वरच्या भागात कमी असतात, त्यामुळे तिच्यात पास झालं म्हणजे सगळं आलबेल असं नाही, एकेका डोळ्याच्या रिपोर्टशी जोडूनच ती वाचायची. आणि शेवटचं म्हणजे लिफ्टबाहेरची पायरी. तिच्या कडेला पिवळी पट्टी नाही. ज्यांची खालची नजर गेली आहे असे लोक तिथून दिवसभर ये-जा करतात. मी लेखी तक्रार दिली आहे.

जाणाऱ्यांसाठी: सकाळची पहिली वेळ घ्या, दुपारी डोळे थकलेले असतात. जुने सगळे फील्ड रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, कारण एका रिपोर्टपेक्षा वर्षावर्षातला फरक जास्त बोलतो. नंबर लावतानाच "गाडी चालवतो, दोन्ही डोळ्यांची एस्टरमन हवी आहे" असं सांगा. सोबत कुणाला तरी घ्या, आणि येताना रिक्षाने या.